जीवशास्त्र घेतलं, पुढे काय?



नीटचा निकाल लागला की नरखेड, सावरगाव, जलालखेडा, मोवाड या पट्ट्यातल्या बऱ्याच घरांत सारखंच बोलणं कानावर येतं. डॉक्टरकी तर हुकली, आता काय, बीएस्सीला नाव घालून ठेवू. मग पोरगा किंवा पोरगी काटोलच्या नबीरा महाविद्यालयात जाते, नाहीतर रेल्वेचा पास काढून नागपूर गाठते. विषय घेतात वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र. मनात मात्र पुढच्या नीटचाच विचार असतो. पहिलं वर्ष असं अर्धवट मनानं जातं, दुसरं सवयीनं जातं, आणि तिसऱ्या वर्षी घरचे विचारतात, नोकरी कुठं लागणार?

कॉलेज लहान आहे ही तक्रार मला नेहमी ऐकायला मिळते. पण पदवी तर राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचीच असते, आणि 1923 पासून चालत आलेल्या या विद्यापीठाचा कागद काटोलच्या मुलाला वेगळा आणि सीताबर्डीच्या मुलाला वेगळा मिळत नाही. सूक्ष्मदर्शक कमी असतात, रसायनं वेळेवर येत नाहीत, हे खरं. पण खरी उणीव वेगळीच आहे. लहान कॉलेजात आजूबाजूला संशोधन करणारी ताई-दादा मंडळी नसतात. कोणती परीक्षा केव्हा असते, अर्ज कुठं भरायचा, हे शहरातल्या मुलाला चहाच्या टपरीवर कळतं. आपल्या मुलाला ते कळतं तेव्हा तारीख उलटून गेलेली असते.

याच्या उलट, शहरातल्या मुलाकडे जे नाही ते आपल्या घराच्या मागं उभं आहे. संत्र्याचा बगीचा. काळी माशी पानातला रस शोषते, चिकट द्रव टाकते, त्यावर काळी बुरशी चढते. तिला आपण कोळशी म्हणतो. पान काळं पडलं की त्याला ऊन मिळत नाही आणि झाडाचं अन्न तयार होणं मंदावतं. कीटकशास्त्र, बुरशीशास्त्र आणि वनस्पतीची शरीरक्रिया, अभ्यासक्रमातले तीन पेपर एकाच पानावर. डिंक्या रोगाचं बघा. तो ज्या फायटोफ्थोरामुळे होतो, त्याला लोक बुरशी म्हणतात. वर्गीकरणात मात्र त्याचं जवळचं नातं बुरशीशी नसून तपकिरी शैवालांशी आहे. जंबेरीच्या खुंटावरची झाडं त्याला लवकर बळी पडतात, रंगपूर लिंबाच्या खुंटावरची बऱ्यापैकी तग धरतात. असं का, हा प्रश्न एखाद्याला आयुष्यभर पुरेल.

आंबिया बहारासाठी हिवाळ्यात बगीच्याचं पाणी तोडतात. ताण कधी द्यायचा, कधी सोडायचा, हे वडिलांना बरोबर कळतं. त्यांचाच मुलगा परीक्षेसाठी अब्सिसिक आम्लाचं, म्हणजे याच ताणात झाडात वाढणाऱ्या संप्रेरकाचं, कार्य पाठ करतो. एकाच घरात राहून या दोघांची या विषयावर गाठ पडत नाही, याचं मला फार नवल वाटतं.

शिकवणाऱ्या जागाही लांब नाहीत. काटोललाच अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं प्रादेशिक फळ संशोधन केंद्र आहे. नागपूरला अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, 1985 साली सुरू झालेली. तिथं शेंड्याच्या टोकाचा डोळ्याला जेमतेम दिसेल एवढा तुकडा काचनळीतल्या रोपावर बसवून रोगमुक्त कलमं तयार करतात. आणि आपल्या राज्याच्या सीमेपलीकडे, सौसरकडे, मोहगाव कलां नावाचं गाव आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांमध्ये सापडलेले तिथले जीवाश्म अभ्यासून वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनींनी शोधनिबंध लिहिले. एनिग्मोकार्पॉन हे तिथलंच जीवाश्म फळ. जगभरचे पुरावनस्पतितज्ज्ञ या गावाचं नाव घेतात. नरखेडच्या बीएस्सीच्या वर्गात ते किती जणांना ठाऊक आहे?

आता नोकरीचं. आधी कडू बोलतो. नुसत्या बीएस्सीवर फारसं काही मिळत नाही. कृषी अधिकारी व्हायचं असेल तर कृषीची पदवी लागते. वनस्पतिशास्त्रात कितीही गुण असले तरी ते दार बंद. वनक्षेत्रपालाचं दार मात्र उघडं आहे, कारण लोकसेवा आयोगाच्या वनसेवा परीक्षेला विज्ञान पदवीधर बसू शकतो. बीएड करून शाळा, किंवा प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम करून पॅथॉलॉजी लॅब, हे मार्ग सगळ्यांना माहीत आहेत, त्यावर वेळ घालवत नाही.

कमी जणांना माहीत असलेली गोष्ट कृषी सेवा केंद्राची. कीटकनाशक विक्रीच्या परवान्यासाठी आता शिक्षणाची अट आहे, आणि त्या यादीत कृषीबरोबर रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र घेतलेली विज्ञान पदवीही चालते. दुकानदाराकडे अशी पात्रता नसेल तर ती असलेला माणूस ठेवावा लागतो. कोळशीवर कोणतं औषध, डिंक्यावर कोणतं, आणि कशावर औषधच नको, हे समजून सांगणारा माणूस काउंटरमागं असेल तर तालुक्याचा केवढा पैसा वाचेल!

ज्यांना पुढं शिकायचं आहे त्यांनी आयआयटीची जॅम, केंद्रीय विद्यापीठांची सीयूईटी पीजी आणि जैवतंत्रज्ञानाची गॅट-बी ही नावं दुसऱ्या वर्षीच वहीत लिहून ठेवावीत. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षात सीएसआयआर-नेटला बसता येतं. त्यात कनिष्ठ संशोधक शिष्यवृत्ती मिळाली तर 2023 पासून महिन्याला 37,000 रुपये मिळतात. संशोधन म्हणजे घरून पैसे मागवत राहणं, हा समज पालकांनी आता सोडावा. या परीक्षांच्या उत्तरपत्रिकेवर कॉलेजचं नाव नसतं, हेही लक्षात ठेवा.

विद्यार्थी मित्रांनो, देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून दरवर्षी उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. दोन महिने एखाद्या नामवंत प्रयोगशाळेत काम करायला मिळतं. तिचा अर्ज भरा. शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं, तेव्हा आपल्या सरांना किंवा मॅडमना आधीच सांगून ठेवा. आणि अर्जात काय लिहू असा प्रश्न पडला, तर बगीच्यातल्या ज्या रोगाचं उत्तर अजून घरात कुणाला मिळालेलं नाही, त्याबद्दल लिहा.