ऐकण्याचे एक वर्ष



व्याख्यानाला उभे राहणाऱ्याने स्वतःविषयी फार बोलू नये, असा जुना संकेत आहे. आज तो आमच्याकडून मोडला जाणार आहे. चालकांनी विषय विचारला तेव्हा ‘आवडते गाणे’ असे सांगून आम्ही मोकळे झालो. परंतु टिपणे काढायला बसलो आणि ध्यानात आले की, ज्या वर्षी आमचे आवडते गाणे आम्हांला नीट ऐकू येईनासे झाले, त्या वर्षाची हकीकत सांगितल्यावाचून या विषयाला हात घालता येत नाही.

वर्ष गाण्यांनी मोजण्याची रीत मराठी माणसाला नवी नाही. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झाले आणि १९५६ च्या रामनवमीला संपले. शब्द माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या; त्या वर्षी अधिक महिना आल्यामुळे गीतांची संख्या छप्पनावर गेली. आमच्या मातोश्री त्या सालातल्या घरच्या गोष्टी तारखांनी सांगत नसत. थोरल्या मावशीचे लग्न राम वनवासाला निघाला त्या सुमारास झाले, आणि आजोबा आजारी पडले ते लंकेत युद्ध चालू असताना, असा त्यांचा हिशेब असे. आमचे वर्ष २०२४ च्या पाडव्यापासून २०२५ च्या पाडव्यापर्यंतचे. त्याचा हिशेब एकाच गवयावर चालतो, आणि तो गवई म्हणजे कुमार गंधर्व.

योग असा की, ३१ मार्च २०२४ ला आम्ही सेवानिवृत्त झालो, ८ एप्रिलला कुमारांच्या जन्माला शंभर वर्षे पुरी झाली आणि दुसऱ्याच दिवशी पाडवा आला. गुढी उभारली आणि मनाशी ठरवले की, आता वर्षभर दुसरे काही करायचे नाही. छत्तीस वर्षांत जे अर्धेमुर्धे ऐकले ते स्वस्थपणे ऐकायचे. कुमारांच्या जुन्या कॅसेटी कपाटात होत्या, मुलाने बाकीचे सारे मोबाइलवर काढून दिले. आमची नात गाणे शिकते, म्हणून घरात तंबोराही होता. तळवड्यात आता सकाळी पाळीच्या बसगाड्या आणि संगणकाच्या कचेऱ्यांकडे निघालेल्या मोटारी यांची एवढी गर्दी असते की, पहाटेची वेळ तेवढी आपली. त्या वेळी नात तंबोरा घेऊन बसे आणि आम्ही शेजारी चहा घेत बसू.

चौथ्या-पाचव्या दिवशी आम्ही तिला म्हणालो, “बाळ, जवारी गेली आहे. दोरा जरा सरकव.” तिने घोडीवरचा दोरा सरकवला. आम्ही म्हणालो, “अजून बोलत नाही.” तिने तो आणखी सरकवला, मागे घेतला, नवा घातला; अर्धा तास हे चालले. शेवटी ती तंबोरा खांद्याला लावून बाईंकडे गेली. बाईंनी तो छेडला आणि सांगितले की, जवारी उत्तम आहे. नातीने घरी येऊन हे आम्हांला सांगितले नाही, आपल्या आजीला सांगितले. आजीने दुसऱ्या दिवशी आम्हांला कानांच्या डॉक्टरांकडे नेले.

त्यांनी एका बंद खोलीत बसवून कानांवर यंत्र लावले आणि बारीक बारीक आवाज सोडले. ऐकू आला की बटण दाबायचे. मग एक आलेख हाती दिला. डावीकडून रेघ बरी चालली होती. दर सेकंदाला चार हजार कंपनांच्या जागी ती विहिरीत पडावी तशी खाली गेली होती आणि पुढे थोडी वर आली होती. डॉक्टरांनी एकच प्रश्न केला : “कोणत्या कारखान्यात होता?”

श्रोतेहो, आपल्या या पट्ट्यात ही विहीर पुष्कळांच्या कानांत असेल, म्हणून तिच्याविषयी दोन शब्द सांगतो. कानाच्या आत शंखासारखी एक नळी असते आणि तिच्यात केसाळ टोकांच्या नाजूक पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मरतात, आणि माणसाच्या कानात मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. पहिला घाला बहुधा चार हजारांच्या आसपासच पडतो. आता गवयाचा षड्ज याच्या फार खाली, शेदीडशे कंपनांवर असतो, पेटीची शेवटची पट्टीसुद्धा या आकड्याच्या बरीच खाली. म्हणजे सूर सगळे ऐकू येतात. जातो तो सुराभोवतीचा उजेड. तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा घातला म्हणजे तारेतून जे उंच उपस्वर सुटतात, ज्यांच्यामुळे आपण तंबोरा ‘बोलतो’ म्हणतो, ते जातात; आणि बोलण्यातले स, श, फ, त ही वर्णे पुसट होतात. आम्हांला कबीराचे पद ऐकू येत होते, फक्त त्यातले शब्द जागोजागी उंदराने कुरतडल्यासारखे झाले होते. इतकी वर्षे आम्ही तो दोष कॅसेटीला देत आलो.

१९८८ साली आम्ही पत्र्याचे भाग काढणाऱ्या प्रेसवर उभे राहिलो. आठ तासांच्या पाळीला नव्वद डेसिबलची मर्यादा कायद्यात होती. ती तिथे मोजली जात असे की नाही, हे आम्ही कधी विचारले नाही. कानांत घालायचे बोळे पुढे पुढे मिळू लागले. परंतु सगळा दोष मालकावर टाकला तर ते खरे होणार नाही. बोळे आम्हीच काढून ठेवीत असू. कारण डाय बोथट झाली की प्रेसचा आवाज बदलतो. तुकडा हातात येऊन त्याची धार दिसण्याच्या आधी कान ते सांगतो. नवी मुले तुकडा उलटून पाहात, आम्ही न पाहता मशीन थांबवीत असू. खात्यात आमच्या कानाची ख्याती होती! त्या ख्यातीची किंमत २०२४ च्या एप्रिलमध्ये चुकती झाली.

पहिले दोन महिने आम्ही गाणे बंद ठेवले. घरात कोणी गुणगुणले तरी राग येई. याच दिवसांत कुमारांचे चरित्र पुन्हा वाचायला घेतले, आणि एरवी ज्या पानांवरून आम्ही भराभर जात असू तिथेच यावेळी थांबलो.

तो काळ थोडक्यात असा. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा शिवपुत्र कोमकळी लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवी. त्यावरच त्याला ‘कुमार गंधर्व’ हे नाव मिळाले. पुढे मुंबईत देवधर मास्तरांकडे शिक्षण झाले. १९४७ साली भानुमतींशी लग्न झाले आणि त्याच सुमारास क्षयाने गाठले. कोरड्या हवेसाठी हे जोडपे माळव्यात देवासला गेले, तो दिवस होता ३० जानेवारी १९४८. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. गाणे डॉक्टरांनी बंद केलेले. भानुमती शिक्षिकेची नोकरी करून घर चालवीत आणि शुश्रूषाही करीत. वय चोवीस आणि मैफली बंद, असा हा माणूस काही वर्षे खाटेवर पडून होता. पुढे स्ट्रेप्टोमायसिन आले, जीव वाचला. एक फुप्फुस मात्र निकामी झाले.

यानंतरची गोष्ट लोक साधारण अशी सांगतात : श्वास अपुरा पडे, म्हणून कुमार तुकड्यातुकड्यांनी गाऊ लागले, आणि त्याचीच शैली झाली. हे आम्हांला पूर्वी पटत असे. आता पटत नाही. अपुऱ्या श्वासाने माणूस थकेल, सूर आखडता घेईल. लगनगंधारासारखा राग त्यातून कसा निघेल? तो निघाला खिडकीबाहेरून. रस्त्याने भिक्षेकरी जात, बायका लग्नाची आणि पावसाची गाणी म्हणत, शीलनाथांच्या धुनीच्या त्या गावात नाथपंथी निर्गुणी भजने गात. ज्याला तोंड उघडण्याची बंदी होती त्याने कान उघडे ठेवले. बरे झाल्यावर त्याने ती लोकगीते जमवली, स्वरलिपीत उतरवली, आणि कोणत्या धुनीत कोणता राग दडला आहे ते शोधले. त्यांना ते ‘धुनउगम’ राग म्हणत. त्या रागांच्या आणि स्वतःच्या बंदिशींचे ‘अनूपरागविलास’ हे पुस्तक १९६५ साली मौजेने काढले. लहानपणी दुसऱ्यांचे गाणे जसेच्या तसे गाणारा मुलगा स्वतःचे गाणे घेऊन उठला, आणि मधल्या वर्षांत त्याने केले काय, तर ऐकले. फुप्फुसाने त्याचा वेळ मोकळा करून दिला, एवढेच श्रेय आम्ही त्या फुप्फुसाला देतो.

जाणकारांना हे मत कच्चे वाटेल. वाटो. आम्ही प्रेसवरचे माणूस, शास्त्रातले नव्हे.

२८ जूनला तुकोबांच्या पालखीचे देहूहून प्रस्थान झाले. आमच्या गावावरून देहू-आळंदी रस्ता जातो, त्यामुळे त्या दिवसांत दिंड्यांची जा-ये असते. दरवर्षीप्रमाणे रस्त्याकडेला उभे राहिलो. पखवाज छातीत वाजत होता. टाळ मात्र लाकडाचे असल्यासारखे. टाळकरी हात उंचावून वाजवीत होता, ते दिसत होते, झंकार नव्हता. पूर्वीचे आम्ही असतो तर घरी परतलो असतो. त्या दिवशी पखवाज्याच्या मागून चिखलीच्या वाटेला बरेच चालत गेलो, आणि डग्ग्याकडचा घुमारा भजनाच्या चालीखाली कसा मागेपुढे होतो हे जन्मात प्रथम ऐकले. आजवर टाळांनी ते झाकले होते.

पावसाळ्यानंतर कानाला यंत्र आले. त्याची एक गंमत सांगण्याजोगी आहे. ही यंत्रे बोलणे ऐकू यावे म्हणून बनवलेली असतात. यंत्राची स्वतःची शिट्टी सुरू झाली तर ती दाबून टाकण्याची युक्ती त्यांच्यात असते. आणि तंबोऱ्याचा अखंड, स्थिर नाद म्हणजे त्या यंत्राच्या मते शिट्टीच! नातीने चारी तारा छेडल्या की यंत्र प्रामाणिकपणे तंबोरा गिळू लागे, मध्येच चुकल्यासारखे थोडा परत देई. चार खेपा घातल्या. तिथल्या मुलीने शांतपणे ऐकून घेतले आणि गाण्यासाठी वेगळी जुळवणी करून दिली. तिनेच एकदा विचारले की, तंबोरा म्हणजे नेमके काय वाजते? आम्ही नातीला तंबोऱ्यासकट तिच्यापुढे नेऊन बसवले.

कुमारांना आम्ही तरुणपणी दोनदा समोर बसून ऐकले होते. दोन्ही वेळा तंबोरे जुळवण्यात त्यांनी एवढा वेळ घेतला की, शेजारचे गृहस्थ घड्याळ पाहू लागले, आणि खरे सांगायचे तर आम्हीही. दुसऱ्या दिवशी पहिली पाळी होती. ते काय ऐकत होते, हे विचारण्याचे तेव्हा सुचले नाही. १२ जानेवारी १९९२ ला ते देवासला गेले.

यंत्राने सगळे परत मिळालेले नाही. शब्द बरेचसे मिळाले, टाळ पुन्हा काशाचे झाले. जवारी पूर्वीची नाही. परंतु हिवाळ्यात एक गोष्ट कळली. तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारा, ज्यांना आपण जोड म्हणतो, त्या एकमेकींपासून किंचित ढळलेल्या असल्या की त्यांच्या नादात हेलकावा येतो. अंतर जितके कमी तितका हेलकावा संथ. जुळल्या की तो थांबतो. हा हेलकावा चार हजारांवरचा नव्हे, खालचा, मंद, पाळण्यासारखा. तो आम्हांला यंत्र काढूनही ऐकू येतो, आणि छत्तीस वर्षे प्रेसचा बदलता आवाज ओळखल्यामुळे असेल, नातीपेक्षा लवकर ऐकू येतो.

म्हणून आता पहाटे आमच्या घरी कामाची वाटणी झाली आहे. ती खुंटी पिळते, आम्ही डोळे मिटून बसतो. ती विचारते, “आजोबा, लागली?” आम्ही म्हणतो, “जरा राहिली. अजून. हां, थांब.” मग ती मणी सरकवून बारीक मिळवणी करते. त्यानंतर दोऱ्याचे काम येते, तेव्हा आम्ही विचारतो, “बोलला का ग?” आणि ती सांगेल ते खरे धरून चहाला हात घालतो.