अडलेल्या मुलाला हात देताना

(उर्दू आणि मराठी माध्यमाच्या शाळांतील पालक व शिक्षकांच्या सभेत केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



आज इथं आया जास्त दिसतात, वडील कमी. मूल वर्गात बसत नाही, वही पूर्ण करत नाही, अशी तक्रार आली की पहिलं बोट आईकडे वळतं. लाडानं बिघडवलं, मोबाईल दिला, नजर काढली नाही. म्हणून सुरुवातीलाच सांगतो, आज आपण ज्या अडचणीविषयी बोलणार आहोत, ती आईच्या लाडानं होत नाही आणि कुणाच्या नजरेनंही होत नाही.

एडीएचडीला मराठीत अवधान-अस्थिरता आणि अतिचंचलता म्हणतात. लक्ष टिकवणं, स्वतःला आवरणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, यासाठी मेंदूचा जो लगाम लागतो, तो या मुलांमध्ये ढिला असतो. घराण्यात हे बऱ्याचदा आढळतं. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी 1902 मध्येच अशा मुलांचं वर्णन आपल्या व्याख्यानांत केलं होतं. तेव्हा मोबाईल नव्हता, कार्टूनही नव्हतं. प्रत्येक खोडकर मूल एडीएचडीचं नसतं, हेही खरं. डॉक्टर पाहतात ते असं: लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून आहेत का, सहा महिने तरी टिकून आहेत का, आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसतात का. फक्त एका शिक्षकाच्या तासाला मूल दंगा करत असेल, तर आधी तो तास तपासावा.

मुलींकडे विशेष लक्ष द्या. त्या नेहमीच धावत-उड्या मारत नाहीत. शेवटच्या बाकावर खिडकीबाहेर बघत बसतात, डबा विसरतात, अर्धं वाक्य लिहून थांबतात. कुणाला त्रास नाही म्हणून कुणी तपासत नाही. मग नववीत ती नापास होते आणि घरात शिक्षणाऐवजी स्थळांची चर्चा सुरू होते. एक न ओळखलेली अडचण मुलीचं शिक्षण असं थांबवते.

आता दुसरी बाजू. एडीएचडी असलेल्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याच्या मुलांना, काही अभ्यासांनुसार त्याहून अधिक मुलांना, अध्ययन अक्षमताही असते. बुद्धी चांगली, बोलणं चुरचुरीत, पण अक्षरं जुळत नाहीत, तो डिस्लेक्सिया. लिहिणं अडतं तो डिसग्राफिया, आकडे अडतात तो डिसकॅल्क्युलिया. दोन्ही अडचणी एकमेकींच्या आड लपतात. वाचता येत नाही म्हणून मूल चुळबुळ करतं आणि आपण त्याला चंचल म्हणतो. किंवा चंचल आहे म्हणून वाचत नाही, असं धरून वाचनाची तपासणीच करत नाही.

घरच्या घरी थोडं निरीक्षण करता येतं. तुम्ही गोष्ट सांगितली तर मूल अर्धा तास ऐकतं, पण तीच गोष्ट पुस्तकातून वाचायला दिली की पाच मिनिटांत पाणी प्यायला पळतं? मग वाचनाची शंका घ्या. दहा गणितांपैकी पहिली पाच बरोबर आणि पुढची घाईत चुकलेली? मग लक्ष टिकत नसेल. सगळी एकाच पद्धतीनं चुकलेली असतील तर संख्येची समजच अडली असेल. हे निदान नव्हे, पण डॉक्टरांना सांगायला अशी टिपणं फार उपयोगी पडतात. त्याआधी डोळे आणि कान मात्र तपासून घ्या.

आपल्या मुलांची आणखी एक खास गोष्ट आहे. घरात दखनी किंवा कोकणी, शाळेत उर्दू, शिवाय मराठी आणि इंग्रजी, संध्याकाळी मकतबमध्ये अरबी. उर्दू उजवीकडून डावीकडे, मराठी डावीकडून उजवीकडे. उर्दूत एकच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगळं दिसतं. जेर, जबर, पेश बहुतेक वेळा लिहिलेच जात नाहीत, अंदाजानं वाचावं लागतं. बहुतेक मुलं हे सगळं पेलतात. अनेक भाषांमुळे अध्ययन अक्षमता होत नाही. पण जी मूल मुळातच अक्षरांपाशी अडतं, त्याच्यावर हा भार चौपट होतो. आणि उलटही घडतं. नुसती शाळेची भाषा नवी आहे म्हणून मागे पडलेल्या मुलावर अक्षमतेचा शिक्का बसतो. म्हणून तपासणी मुलाच्या शिकण्याच्या भाषेत व्हायला हवी. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं भारतीय भाषांसाठी 'डाली' नावाची चाचणी तयार केली. सुरुवातीच्या चार भाषा होत्या हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी. त्यांत उर्दू नव्हती. उर्दू शाळांच्या संस्थाचालकांनी आणि आपल्यासारख्या संघटनांनी ही मागणी लावून धरायला हवी.

कायदा काय सांगतो? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यांत आहे. एडीएचडीचं वेगळं नाव त्या यादीत नाही. म्हणून नुसतं एडीएचडीचं निदान घेऊन थांबलात आणि अध्ययन अक्षमतेची तपासणी केलीच नाही, तर मुलाच्या हक्काचं दार बंद राहू शकतं. 'हेही असेल का?' हा प्रश्न डॉक्टरांना तुम्हीच विचारा. याच कायद्याचं कलम 16 सांगतं की सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांनी अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून उपाय करावेत. आपल्या मान्यताप्राप्त उर्दू शाळाही त्यात आल्या.

2018 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार हे प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून मिळत होतं, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होत होती. मुंबईत शीव, केईएम, नायर या पालिका रुग्णालयांत तपासणी होते, इतरत्र जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. दहावीला ज्यादा वेळ, लेखनिक अशा सवलती त्यावर मिळतात. तपासणीला अनेक फेऱ्या लागतात, म्हणून दहावीच्या डिसेंबरात धावू नका, पाचवी-सहावीतच सुरुवात करा. पण प्रमाणपत्राचं वय होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही. मदतीला प्रमाणपत्र लागत नाही.

औषधाविषयी भीती फार आहे. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी आधी पालकांचं प्रशिक्षण, औषध नंतर, अशी पद्धत आहे. मोठ्या मुलांना मिथाइलफेनिडेटसारखं औषध डॉक्टर देतात. ते झोपेचं औषध नव्हे. भूक मंदावते, झोप उशिरा लागते, म्हणून वजन, उंची यांवर लक्ष ठेवावं लागतं. पण अध्ययन अक्षमतेवर गोळी नाही. तिथं विशेष शिक्षकाकडून नियमित उपचारात्मक शिकवणीच लागते. गोळीनं मूल बसेल, पण वाचायला त्याला कुणीतरी शिकवावंच लागेल. रमजानमध्ये लहान मुलांवर रोजा बंधनकारक नाही, हे आपण जाणतोच. मोठं मूल रोजा ठेवणार असेल तर औषधाची वेळ आधी डॉक्टरांशी ठरवा, स्वतःच बंद करू नका. सहेरी-तरावीहमुळे झोप तुटते, तिची भरपाई दुपारी करू द्या.

घरी काय करावं? एका वेळी एकच सूचना द्या. 'हात धू, कपडे बदल, दप्तर भर, मग अभ्यास' यातलं पहिलंच त्याच्या लक्षात राहतं. दहा-पंधरा मिनिटं अभ्यास, मग थोडं फिरणं. दोन खोल्यांच्या घरात वेगळी अभ्यासाची खोली कुठून आणणार? भिंतीकडे तोंड करून एक चटई आणि त्या वेळेत बंद टीव्ही, एवढं जमतं. चांगलं केलं की तिथल्या तिथं सांगा. आणि चित्र, क्रिकेट, सुतारकाम, ज्यात त्याचा हात चालतो, ते शिक्षा म्हणून काढून घेऊ नका. दिवसभरात तो तिथंच जिंकत असतो.

शेवटची गोष्ट माराची. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई करतं. 2012 च्या दुरुस्तीनं मदरसे, वैदिक पाठशाळा आणि मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था या कायद्याबाहेर ठेवल्या. म्हणजे तिथं मुलाच्या पाठीवर छडी पडली तर हे कलम धावून येत नाही. मग कुणी यायचं? आपण. सबक पाठ होत नाही म्हणून मार खाणाऱ्या मुलाला कदाचित अक्षरंच जुळत नसतील. मौलवीसाहेबांशी आदरानं बोला, ऐकून पाठ करायची मुभा मागा, थोडा-थोडा सबक मागा. अनेकजण मान्य करतात. जिथं मान्य होत नाही, तिथून मूल काढून घेण्याचा अधिकार आई-वडिलांचा आहे, आणि तो वापरताना लाज वाटायचं कारण नाही.

आज घरी जाऊन एवढंच करा: एक वही घ्या आणि पंधरा दिवस मूल कुठं अडतं, कुठं रमतं, ते लिहा. वडिलांनीही लिहावं. ती वही घेऊन शिक्षकांना भेटा, मग डॉक्टरांना. शिक्षक मंडळींना विनंती, ती वही उघडून वाचा.