काम आपले, भार त्याचा
(मंडळाच्या कार्यक्रमात दिलेले भाषण)



मी काही प्रवचनकार नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला माणूस; रूळ, खडी आणि स्लीपर यांतच माझा दिवस जातो. तरी ‘देवावरील विश्वास आणि मनःशांती’ या विषयावर बोला असे मंडळाने सांगितले. पावसाळ्यात आम्हा लोकांना झोप कमी मिळते, हे त्यांना ठाऊक असावे!

झोपेचे मोल जबलपूरकरांना सांगायला नको. २२ मे १९९७ रोजी पहाटे चारनंतर इथे भूकंप झाला. सुमारे चाळीस माणसे गेली, हजारो घरांना तडे गेले. घर उभे असूनही आत जाऊन झोपायची हिंमत होईना, ते दिवस ज्येष्ठ मंडळींना आठवत असतील. त्या पहाटे देवघर असलेली घरेही हादरलीच. म्हणून एक गोष्ट आधीच मान्य करू या. देवावर विश्वास ठेवला की संकट येणार नाही, असा काही करार नाही.

मग विश्वासाने मिळते काय? आणि ‘देव बघून घेईल’ म्हणून हातावर हात ठेवून बसायचे काय? आमच्या खात्यात तर ते मुळीच चालत नाही.

आमचा गस्तवाला पाहा. पावसाळ्यात रात्री तो हातात बत्ती घेऊन आपल्या हद्दीतला लोहमार्ग पायी तपासतो. खडी वाहून गेली, भराव खचला, तर आधी गाडी थांबवायची, ही त्याची जबाबदारी. हद्दीच्या टोकाला पलीकडचा गस्तवाला भेटतो. दोघे आपापल्या गस्तीच्या पुस्तिका बदलतात आणि परत फिरतात. पुढच्या हद्दीत काय आहे ते त्याला दिसत नाही. तिथे कोणीतरी चालतो आहे, एवढे मात्र तो जाणतो. सगळी लाइन एकट्याने चालायची ठरवली, तर स्वतःची हद्दही त्याच्याकडून नीट होणार नाही. गाडीतले शेकडो प्रवासी यातल्या कोणालाच ओळखत नाहीत, तरी निर्धास्त झोपतात.

मला वाटते, भक्ताची शांती अशीच असते. आपली हद्द मनापासून चालायची आणि पुढची त्याच्या हाती सोपवायची.

आपण नागपूरला जातो तेव्हा वाटेत सिवनी लागते. तिथल्या तुरुंगात १९४४ साली विनोबाजींनी बरोबरच्या कैद्यांपुढे गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील स्थितप्रज्ञाच्या श्लोकांवर व्याख्याने दिली. ‘स्थितप्रज्ञ-दर्शन’ हे पुस्तक त्यांतूनच तयार झाले. सुटका कधी, हे त्यांच्या हाती नव्हते; तो दिवस सत्कारणी लावणे हाती होते. त्या श्लोकांच्या आरंभी अर्जुन विचारतो की असा माणूस बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा. प्रश्न रोजच्या वागण्याचा आहे. आणि इंद्रिये आवरून माझ्या ठायी चित्त ठेव, असे भगवंत त्याला तिथेच सांगतात. हे सारे रणांगणावर चालले आहे. पुढे अर्जुन धनुष्य खाली ठेवून झोपायला गेला नाही, हेही लक्षात असू द्यावे.

आपण मराठी माणसे नोकरीसाठी इथे आलो. कोणाचे आई-वडील गावी एकटे आहेत, कोणाची मुले पुण्या-बंगलोरकडे. रात्री फोन वाजला की छातीत धस्स होते. अशा वेळी अंथरुणावर पडताना स्वतःला विचारावे, आज माझ्या हातचे काही राहिले का? राहिले असेल तर उठून करावे. गावी फोन करायचा असेल तर करावा. नसेल तर हात जोडून म्हणावे, ‘बाप्पा, आता चार्ज तुझ्याकडे.’ चिंता एका रात्रीत जाणार नाही, पण रोजच्या सवयीने मन हळूहळू सैल सोडायला शिकते. आणि आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल, तर मित्राशी बोलावे, डॉक्टरांना दाखवावे. मदतीला आलेला माणूस देवानेच पाठवला असे समजणाराच खरा श्रद्धाळू.

आज रात्रीही कोणीतरी भिजत लाइनवर चालत असेल. श्रीगणरायाने त्याला सुखरूप घरी आणावे आणि आपणा सर्वांना स्वस्थ झोप द्यावी, एवढी प्रार्थना करून मी थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!