हाडांची औषधं आणि त्यांचा त्रास
(मंडळाच्या इंदूर येथील गणेशोत्सव व्याख्यानातील भाषण)



विषय महिला शाखेनं सुचवला. आम्ही डॉक्टर नव्हे, सरकारी दवाखान्यातल्या औषधांच्या खिडकीमागचे फार्मासिस्ट. कोणतं औषध द्यायचं ते डॉक्टर ठरवतात, पण घरी गेल्यावर त्या औषधाचं काय होतं ते आम्हाला खिडकीवर कळतं. हाडं ठिसूळ झाल्यावर सुरू केलेलं औषध त्रास झाला म्हणून बंद होतं आणि कोणाला सांगितलंही जात नाही. पुढे कधीतरी न्हाणीघरात पाय घसरतो, खुब्याचं हाड मोडतं, आणि मग घरच्यांना डब्यात तशाच राहिलेल्या गोळ्या सापडतात.

सगळ्यात जास्त दिली जाते ती अ‍ॅलेन्ड्रोनेटची 70 मिलिग्रॅमची गोळी, आठवड्यातून एकदा. हिची तक्रार ठरलेली: छातीत जळजळ, घशाशी आंबट. ही गोळी अन्ननलिकेला चिकटून राहिली तर तिथं जखम करते. म्हणून सकाळी उठल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर ती अख्खी गिळायची. चघळायची नाही, चोखायची नाही. नंतर अर्धा तास बसायचं किंवा हिंडायचं, पण आडवं व्हायचं नाही. चहा, दूध, कॅल्शियमची गोळी, अ‍ॅसिडिटीचं औषध हे सगळं त्या अर्ध्या तासानंतर, कारण त्यांच्याबरोबर ही गोळी अंगी लागतच नाही. आपल्या इंदुरात सकाळी पोहे-जलेबी अर्धा तास लांबवणं म्हणजे शिक्षाच, पण आठवड्यातून एकच दिवस आहे.

एक आजी आम्हाला म्हणाल्या, "सगळं सांगितल्यासारखं करते, तरी जळतं." विचारता विचारता कळलं, की पहाटे चारला गोळी घेऊन त्या पुन्हा अंथरुणावर पडायच्या. वेळ बदलली आणि जळजळ थांबली. मात्र गिळताना दुखत असेल, घास अडकत असेल किंवा जळजळ वाढत असेल, तर पुढची गोळी न घेता आधी डॉक्टरांना गाठा. ज्यांना अर्धा तास ताठ बसवत नाही त्यांच्यासाठी ही गोळी नाहीच. तसं स्पष्ट सांगा, दुसरे उपाय आहेत. थायरॉइडची गोळीही रिकाम्या पोटी लागते, तेव्हा त्या दिवशी आधी कोणती आणि नंतर कोणती, ते चिठ्ठीवर लिहूनच घ्या. ठरलेला वार चुकला तर आठवण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक गोळी घ्या आणि पुढे पुन्हा नेहमीचा वार धरा. एकाच दिवशी दोन कधीच नाहीत.

वर्षातून एकदा शिरेतून देतात ते झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड. ते घेतल्यावर दोन-तीन दिवस ताप, अंगदुखी, थंडी वाजणं हे पुष्कळांना होतं. घरात लगेच "इंजेक्शन बाधलं" असा निकाल लागतो. तसं नसतं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी एवढ्यानं बहुधा भागतं, आणि पुढच्या वर्षी हा त्रास बराच कमी होतो. त्याआधी मूत्रपिंडाची, कॅल्शियमची आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी मात्र हवीच. ओठांभोवती किंवा बोटांना मुंग्या आल्या, पेटके आले, तर कॅल्शियम उतरलेलं असू शकतं. थांबू नका, दाखवा.

ड जीवनसत्त्वाच्या 60,000 युनिटच्या पुड्या बहुधा आठवड्यातून एकदा घ्यायच्या असतात. त्या रोज घेणारी माणसंही आम्ही पाहतो. जास्त झालं तर मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान सुरू होते.

जबड्याच्या हाडाची भीती सगळ्यांनी ऐकलेली असते. हाडांच्या ठिसूळपणासाठी दिलेल्या मात्रेत ते फार क्वचित होतं. दात काढायचा असेल तर शक्यतो औषध सुरू होण्याआधी काढून घ्या, आणि दातांच्या डॉक्टरांना हे औषध चालू असल्याचं सांगा. बरीच वर्षं औषध घेतल्यावर मांडीत किंवा जांघेत दुखू लागलं, तर ते वयावर ढकलू नका. क्वचित मांडीच्या हाडाला तडा जाण्याआधी असं दुखतं.

आता ज्याची आम्हाला खरी काळजी वाटते ते. डेनोसुमॅब, दर सहा महिन्यांनी कातडीखाली 60 मिलिग्रॅम. अ‍ॅलेन्ड्रोनेट हाडात मुरून राहतं, म्हणून काही वर्षांनी डॉक्टर काहींना सुट्टी देतात. शेजारच्या काकूंना सुट्टी मिळाली म्हणून आपणही घ्यावी, असं या इंजेक्शनच्या बाबतीत अजिबात करू नका. त्याचा असर सहा महिन्यांनी ओसरतो, हाड झपाट्यानं झिजू लागतं आणि मणके एकापाठोपाठ एक दबू शकतात. बंद करायचंच असेल तर त्याजागी दुसरं औषध डॉक्टर सुरू करतात.

आपल्याकडे मुलाकडे अमेरिकेला किंवा लेकीकडे पुण्याला चार-सहा महिने जाणारे पुष्कळ आहेत. तिकीट काढण्याआधी इंजेक्शनची तारीख बघा. ती मधेच येत असेल तर तिकडे कुठं आणि कोण देणार, ते आधीच ठरवा. औषध 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं, त्यामुळे पिशवीत घालून नेण्याचा विचार सोडा.

आता प्रश्न घेऊ. ज्यांनी आपल्या चिठ्ठ्या आणल्या असतील त्यांनी त्या हातात काढून ठेवाव्यात.