कथालेखन : गावाचा विषय आणि घराची गोष्ट



कथा लिहू इच्छिणाऱ्या शिक्षकाकडे किंवा ग्रामसेवकाकडे विषयांची वानवा नसते. विषय फार मोठा असतो, हीच त्याची खरी अडचण होय. घणसोलीलगतचे तळवली उदाहरणादाखल घ्यावे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादण्याचे ठरले. जानेवारी १९८४ मध्ये जासई-नवघर परिसरातील शेतकरी आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जणांचा बळी घेतला. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. भातशेती, मिठागरे आणि खाडीची मासेमारी यांवर पोसलेला आगरी-कोळी समाज पाहता पाहता शहरवासी झाला. हे सारे समोर असता नवा लेखक ‘विस्थापन’ असा मथळा घालतो आणि तिसऱ्या पानावर त्याचा अहवाल होतो.

अहवाल शासनास लागतोच. त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. कथेला मात्र ९५ गावे पेलत नाहीत. तिला एक घर पुरते, आणि त्या घरातील एक दिवस.

समजा, मूळ खातेदार वारला आहे. भूखंडासाठी वारसांची नोंद व्हावयाची आहे. लग्न होऊन गेलेल्या बहिणीने हक्कसोड पत्रावर सही करावी, अशी भावांची अपेक्षा आहे. कार्यालयात या घटनेचा एक कागद होतो. कथा त्याआधी, बहीण उंबऱ्यावर येते तेव्हा सुरू होते. पाणी कोणती भावजय आणते? एरवी बोंबलावर भागवणाऱ्या घरात आज जिताडा का शिजतो आहे? बहिणीस ते उमगते काय? ती सही करते की नाही, हे लेखकाला आरंभी ठाऊक नसले तरी चालेल; ती काय गमावील हे मात्र ठाऊक असलेच पाहिजे. माहेरपण आणि हिस्सा यांतील एकच हाती राहणार असेल, तर कथेला निराळ्या खलपुरुषाची गरज उरत नाही. भावाला दुष्ट रंगवण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. त्याच्याही मुलीचे लग्न ठरलेले असू शकते!

मग प्रश्न येतो, सांगावे कोणाच्या नजरेतून? रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ ही १९७१ ची कादंबरी येथे मुद्दाम वाचावी. गावातील एका शिंप्याच्या घराची वाताहत तीत त्याच्या पत्नीच्या तोंडून, मराठवाड्याच्या बोलीत येते. बदलत्या खेड्यावर भाष्य असे तीत नाहीच, आणि तरी बदलते खेडे पुरते दिसते. वरील प्रसंग कारकुनाच्या नजरेतून लिहिला, तर केवळ अंगठा दिसेल. बहिणीच्या नजरेतून लिहिला, तर त्या अंगठ्याची शाईसुद्धा जड होईल. एकदा नजर निवडली की तिला जे दिसत नाही ते लिहू नये.

शब्दांचेही तसेच. खारजमिनीचा बांध फुटून भरतीचे पाणी शेतात शिरले की ‘खांड गेली’ म्हणत. तेथे ‘तटबंधाची हानी झाली’ असे लिहिल्यास पात्राचा जीव जातो. आगरी बोलीत ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘ल’ होतो. पण प्रत्येक अक्षर वाकवून लिहिल्याने बोली साधत नाही, वाचक तेवढा अडखळतो. वाक्याची फेक पकडावी, ठेवणीतले चार शब्द अचूक योजावे. निवेदन प्रमाण भाषेत राहिले तरी हरकत नाही.

अधिकाऱ्याने लिहू नये, असा एक समज आहे. विश्वास पाटील प्रशासकीय सेवेत होते. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनावरील त्यांच्या ‘झाडाझडती’ या कादंबरीला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. फाईल हाताळणाऱ्यास कागद कोठे अडतो हे कळते. ही त्याची जमेची बाजू. मात्र नाव बदलल्याने माणूस झाकला जातो, या भ्रमात त्याने राहू नये. गाव माणसाला घरावरून ओळखते. दोन-तीन घरांचे तपशील एकत्र करून तिसरेच घर उभारावे.

पहिला खर्डा झाल्यावर तो पंधरा दिवस पेटीत ठेवावा. नंतर पहिले पान काढून पाहावे. पुष्कळदा कथा दुसऱ्या पानापासून सुरू झालेली आढळते. आणि छापावयास धाडण्यापूर्वी, आवणी केलेल्या एखाद्या म्हातारीस ती मोठ्याने वाचून दाखवावी. ‘असं आमी बोलत नाय’ असे ती जेथे म्हणेल, तेथे खूण करून ठेवावी.