खुलासा कोणी करावयाचा?



शाळा मी लवकर सोडली. शब्दांचे माझे शिक्षण झाले ते कारखान्यातल्या नोटिसा वाचून. त्यांतलाच एक शब्द आज घेतो: 'खुलासा'.

शब्द मूळचा अरबी. त्याचा अर्थ सार, अर्क. खलास, निखालस, आणि 1848 साली सातारचे राज्य 'खालसा' झाले तो खालसा, ही सारी त्याच धातूची भावंडे. उर्दूत पुस्तकाचा खुलासा म्हणजे त्याचा सारांश. आपल्याकडे 'खुला', 'खुलणे' यांच्या शेजाराने अर्थ फिरला आणि मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण झाले. हिंदीत तो गुपित बाहेर काढण्यापर्यंत गेला, आणि हल्ली आपली वृत्तपत्रेही 'खळबळजनक खुलासा' छापतात. घरात गौप्यस्फोट आहे, बिंग फोडणे आहे. मग ही उसनवारी कशाला?

हा नुसता भाषेचा हट्ट नव्हे. कामगाराच्या हाती मेमो पडतो: लेखी खुलासा करावा. 1946 च्या स्थायी आदेश कायद्याखालील आदर्श नियमांप्रमाणे आरोप लेखी कळवून बाजू मांडण्याची संधी दिल्यावाचून कोणाला बडतर्फ करता येत नसे. म्हणजे खुलासा हा कामगाराचा हक्क. पण खुलासा म्हणजे सारे उघड करणे, अशी समजूत करून घेऊन तो रात्री लिहावयास बसतो. विचारलेले असते एका खाड्याविषयी. हा मागचे तीन खाडे, घरचे आजारपण आणि त्या दिवशी आपले कार्ड कोणी पंच केले त्या सोबत्याचे नावसुद्धा लिहून देतो. पुढे चौकशीत तोच कागद कबुलीजबाब म्हणून समोर येतो, आणि एकाच्या जागी दोघे अडकतात. असे कागद मी पाहिले आहेत. आमच्या कचेरीत आम्ही सांगतो, बाबा रे, खुलासा दे, कबुली नको. दोन ओळी पुरतात.

आता मालकाकडून खुलासा हवा असेल तर? 1965 च्या बोनस कायद्याचे कलम 23 पाहा. कंपनीचा रीतसर तपासलेला ताळेबंद बरोबर धरून चालण्याची मुभा लवादाला होती. त्यातल्या एखाद्या आकड्याविषयी युनियनला शंका आली तर लवादाकडे अर्ज करावयाचा. खुलासा जरूर आहे अशी त्याची खात्री पटली, तरच मालकाला हुकूम होई. कामगाराचा खुलासा मागावयास मात्र साहेबाची एक सही पुरे. आमचे अर्जही आम्ही दोन ओळींचेच करीत असू: ताळेबंदातील 'किरकोळ खर्च' या बाबीचा खुलासा मिळावा.