बरे झाल्यानंतरचे आयुष्य

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात महिला शाखेच्या विद्यमाने दिलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या प्रसंगी एका दुखण्याविषयी बोलण्याची अनुज्ञा महिला शाखेच्या चालकांनी आम्हांस दिली, याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो. तरुण वयात स्तनाचा कर्करोग होऊन त्यातून बऱ्या झालेल्या स्त्रियांचे पुढील आयुष्य, हा आमचा विषय आहे. या रोगाचे नाव आपल्या घरांत अजूनही दबल्या आवाजात घेतले जाते. आज ते आम्ही मोकळेपणाने घेणार आहोत. कारण रोगाने केलेल्या हानीत आपल्या मौनाने पुष्कळ भर घातली आहे, असे आमचे मत झाले आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. घरात जे पाहिले, डॉक्टरांना जे विचारले आणि जे वाचले, तेवढेच सांगतो.

भारतातील स्त्रियांच्या कर्करोगांत या रोगाचा क्रमांक आता पहिला आहे आणि पाश्चात्त्य देशांच्या मानाने तो आपल्याकडे सरासरी सुमारे दहा वर्षे लवकर गाठतो. ज्या वयात मुलांचे डबे भरावयाचे, कचेरी गाठावयाची, सासूसासऱ्यांची औषधपाण्याची काळजी घ्यावयाची, त्याच वयात पुष्कळ स्त्रियांना तो होतो.

परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले, त्या काळी संपूर्ण स्तन, त्याखालचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी काढून टाकणे हाच मुख्य इलाज होता. पुढे अमेरिकेत डॉ. बर्नार्ड फिशर यांनी १९७६ साली उपचारांची एक मोठी तुलना हाती घेतली. तिचा वीस वर्षांचा निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाला. गाठ बेताची असताना फक्त तेवढीच काढून किरणोपचार दिलेल्या आणि संपूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांच्या आयुर्मानात फरक आढळला नाही. आज रोग वेळीच ओळखला गेल्यास बहुसंख्य स्त्रिया दीर्घकाळ जगतात. तेव्हा त्या वाचतील काय, या प्रश्नाबरोबरच त्या कशा जगतील, हाही प्रश्न आता आपल्यापुढे उभा आहे.

लॉस एंजेलिस येथील डॉ. पॅट्रिशिया गँझ आणि त्यांचे सहकारी यांनी पन्नाशीपर्यंत हा रोग झालेल्या ५७७ स्त्रियांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध केला. रोगाचे निदान होऊन सरासरी सुमारे सहा वर्षे लोटली होती. शरीराने त्या बऱ्यापैकी सावरल्या होत्या. मनाची उभारी मात्र सर्वांत लहान वयाच्या स्त्रियांत सर्वांत कमी होती. याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. केमोथेरपीने पुष्कळदा पाळी अकाली थांबते. अंगाची लाही होते, झोप मोडते, हाडे ठिसूळ होतात, मातृत्वाची आशा दुरावते. काखेतील ग्रंथी काढल्यास त्या बाजूचा हात काही वर्षांनीही सुजू शकतो. संप्रेरकावर पोसणारा रोग असल्यास पाच ते दहा वर्षे रोज गोळी घ्यावी लागते. तो दहा वर्षांनंतरही उलटू शकतो, म्हणून प्रत्येक तपासणीच्या आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. घरच्यांना मात्र वाटते, 'आता बरी झाली ना, मग उदास का?'

येथे आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. ज्या भाचीविषयी ती आहे, तिची संमती घेऊनच बोलत आहोत. तिला चौतिसाव्या वर्षी हा रोग झाला. उपचार नुकतेच संपले होते, डोक्यावर केस पुरते आले नव्हते, आणि धाकट्या बहिणीचा साखरपुडा ठरला. पाहुण्यांनी विचारले तर काय सांगावे, म्हणून तिने त्या दिवशी घरीच थांबावे, असा सल्ला दिला गेला. तो देणारे आम्हीच होतो. ती काही बोलली नाही. बहिणीच्या साडीला इस्त्री करून दिली आणि सर्वजण निघाल्यावर दार लावून घेतले. या गोष्टीला नऊ वर्षे झाली. ती आज नोकरी करते, मुलाला शिकवते. मध्यंतरी सहज म्हणाली, "मामा, सुया टोचल्या ते मी विसरले. तो दिवस नाही विसरले." आम्हांस उत्तर सुचले नाही.

त्या सल्ल्यामागे जी भीती होती, ती आपल्या पुष्कळ घरांत आहे. घरात हा रोग आहे असे कळल्यास मुलींची लग्ने अडतील! खरी गोष्ट अशी की शंभर रुग्णांपैकी साधारण पाच ते दहा जणींतच तो आनुवंशिक असतो. त्याला कारण होणारी दोन प्रमुख जनुके १९९४ आणि १९९५ साली शोधून निघाली. सदोष जनुक आईकडून येते तसेच बापाकडूनही येते. मुलीच्या आजोळची तेवढी चौकशी करणारा वरपिता अर्धाच प्रश्न विचारतो. ज्या घराण्यात एकाहून अधिक जणींना रोग झाला, तेथे लपवाछपवीने मुलींचेच नुकसान होते. कारण माहिती असेल तरच वेळीच तपासणी होते.

तेव्हा आमच्या तीन सूचना आहेत.

पहिली घरांसाठी. तरुण रुग्णास मूल हवे असल्यास केमोथेरपी सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांना तसे सांगावे. बीजांडे किंवा गर्भ गोठवून ठेवता येतात. संप्रेरकाची गोळी दोन वर्षांपर्यंत थांबवून अपत्यासाठी प्रयत्न केलेल्या स्त्रियांचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या तीनचार वर्षांत तरी त्यांच्यात रोग उलटण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. हा निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा. हातासाठीही देखरेखीखाली हळूहळू वाढवीत नेलेला व्यायाम हिताचा ठरतो. त्यास कायमचा गळ्यात बांधून ठेवू नये.

दुसरी वधूवर सूचक मंडळासाठी. बऱ्या झालेल्या मुलीचे, अथवा अशा आईच्या मुलीचे नाव नोंदवहीत मागे सारले जाऊ नये.

तिसरी संघासाठी. आपला वैद्यकीय साहाय्य निधी शस्त्रक्रियेच्या बिलापाशी थांबतो. पुढील वर्षांची औषधे, सुजलेल्या हाताची पट्टी, कृत्रिम स्तन, मानसोपचार यांचा खर्च त्यात धरावा, असा ठराव कार्यकारी मंडळाने विचारात घ्यावा.

येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे आमंत्रण अशा प्रत्येक भगिनीला जावे, आणि ती आली म्हणजे तिच्या तब्येतीच्या आधी तिच्या कामाची, मुलांची विचारपूस व्हावी. आमची भाची आज या सभागृहात पुढच्या रांगेत बसली आहे. नऊ वर्षांपूर्वी तिला जी जागा आम्ही नाकारली, ती आज तिने आपणहून घेतली आहे.